‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेचे पाचवे पर्व आणि प्रेक्षकमत : स्कायलर व्हाइट या व्यक्तिरेखेच्या संदर्भात

गोषवारा

‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका एका कुटुंबप्रमुखाच्या नैतिक अधःपाताची कथा आहे. तिच्या पाचव्या व अखेरच्या पर्वाच्या काळात (२०१२-१३) प्रेक्षकांचा एक मोठा आणि बोलका वर्ग गुन्हेगार नायकाच्या बाजूने व त्याच्या पत्नीच्या विरोधात उभा राहिला. हे मत केवळ प्रेक्षकांच्या पूर्वग्रहातून आले, की मालिकेच्या कथनपद्धतीनेही त्याला जागा करून दिली, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे. पाचव्या पर्वाने या मताला उत्तर देण्याचा गंभीर प्रयत्न केला. परंतु अखेरच्या भागात ते उत्तर स्वतःच दुबळे केले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना

कलाकृतीविषयीचे प्रेक्षकांचे मत हा समीक्षेचा पुरावा मानावा की नाही, हा जुना प्रश्न आहे. कादंबरीच्या वाचकाचे मत बहुधा त्याच्याजवळच राहते. नाटकाच्या प्रेक्षकाचे मत टाळ्यांतून किंवा रिकाम्या खुर्च्यांतून कळते. अनेक वर्षे चालणाऱ्या मालिकेच्या बाबतीत मात्र कलाकृती पूर्ण होण्यापूर्वीच तिच्याविषयीची मते तयार होतात, ती लेखकांपर्यंत पोहोचतात आणि पुढील लेखन त्या मतांच्या सान्निध्यात होते. म्हणूनच मालिकेच्या उत्तरकालीन पर्वाचा विचार करताना प्रेक्षकमत पूर्णपणे बाजूला ठेवता येत नाही.

व्हिन्स गिलिगन यांनी निर्माण केलेली ‘ब्रेकिंग बॅड’ ही मालिका एएमसी या वाहिनीवर २० जानेवारी २००८ ते २९ सप्टेंबर २०१३ या काळात प्रसारित झाली. पाच पर्वे आणि ६२ भाग असा तिचा विस्तार आहे. पाचवे पर्व सोळा भागांचे असून त्यांतील आठ भाग २०१२ मध्ये व उरलेले आठ २०१३ मध्ये दाखवले गेले. पहिला भाग अमेरिकेत सुमारे चौदा लाख प्रेक्षकांनी पाहिला होता. अखेरचा भाग एक कोटी दोन लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. या वाढीत नेटफ्लिक्सवर आधीची पर्वे सलग पाहून आलेल्या नव्या प्रेक्षकांचा वाटा होता, हे गिलिगन यांनीही मान्य केले आहे. मात्र प्रेक्षकसंख्या म्हणजे प्रेक्षकमत नव्हे. जाहीरपणे बोलणारा प्रेक्षक सर्व प्रेक्षकांचा प्रतिनिधी असतोच असे नाही. म्हणून येथे प्रेक्षकमताचा विचार ‘किती जणांचे मत’ या अंगाने न करता ‘ते मत कलाकृतीच्या कोणत्या गुणामुळे शक्य झाले’ या अंगाने केला आहे.

कथानक आणि ‘कुटुंबासाठी’ हा युक्तिवाद

वॉल्टर व्हाइट हा न्यू मेक्सिको राज्यातील ॲल्बुकर्की या शहरात राहणारा, पन्नाशीतला रसायनशास्त्राचा शिक्षक आहे. त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान होते. पत्नी स्कायलर गरोदर आहे आणि मुलाला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. आपल्या मागे कुटुंबाची सोय व्हावी म्हणून तो जेसी पिंकमन या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथॲम्फेटामीन हा अमली पदार्थ तयार करू लागतो. स्कायलरच्या बहिणीचा नवरा हँक श्रेडर हा अमली पदार्थविरोधी केंद्रीय खात्यातला अधिकारी आहे. म्हणजे गुन्हेगार आणि त्याचा शोध घेणारा हे दोघेही एकाच जेवणाच्या टेबलावर बसतात. या मालिकेतील काळोख कुटुंबाच्या बाहेर नाही. तो घरातच आहे.

‘हे सर्व मी कुटुंबासाठी करीत आहे’ हा वॉल्टरचा मुख्य युक्तिवाद होय. मालिकेने हा युक्तिवाद सुरुवातीपासूनच तपासायला ठेवला आहे. पहिल्याच पर्वात एक श्रीमंत जुना सहकारी त्याला नोकरी व उपचारांचा खर्च देऊ करतो आणि वॉल्टर ते नाकारतो. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी कुटुंबाला किती रक्कम लागेल याचा हिशेब तो स्वतः मांडतो. तो आकडा ७,३७,००० डॉलरचा आहे. पाचव्या पर्वात ५० लाख डॉलर घेऊन या धंद्यातून बाहेर पडण्याची संधी त्याला मिळते, तेव्हा आपल्याला पैसा नव्हे तर साम्राज्य उभारायचे आहे, असे तो सांगतो. अखेरीस त्याच्याजवळ सुमारे आठ कोटी डॉलर जमतात. गरजेचा आकडा आणि साठ्याचा आकडा यांतील हे अंतर म्हणजे वॉल्टरच्या युक्तिवादाला मालिकेने दिलेले पहिले उत्तर होय.

असे असूनही प्रेक्षकांच्या एका वर्गाने हा युक्तिवाद अखेरपर्यंत स्वीकारला. इतकेच नव्हे, तर त्याला आव्हान देणाऱ्या स्कायलरला त्या वर्गाने ‘अडथळा’ ठरवले.

स्कायलरविषयीचे प्रेक्षकमत

स्कायलरवरील आक्षेपांचे स्थूलमानाने तीन गट पाडता येतात. ती सतत टोकते आणि नवऱ्याला नियंत्रणात ठेवू पाहते, हा पहिला. तिसऱ्या पर्वात ती टेड बेनेकी या आपल्या मालकाशी संबंध ठेवते, म्हणजे विश्वासघात करते, हा दुसरा. पुढे स्वतः गाडी धुण्याचे केंद्र चालवून काळा पैसा पांढरा करते आणि तरीही नवऱ्याला नीती शिकवते, म्हणजे दांभिक आहे, हा तिसरा आक्षेप.

हा रोष व्यक्तिरेखेपुरता मर्यादित राहिला नाही. स्कायलरची भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी अखेरचे भाग प्रसारित होत असतानाच, ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून या अनुभवाची नोंद केली. सामाजिक माध्यमांवर व्यक्तिरेखेच्या द्वेषासाठी समूह निर्माण झाले, तो द्वेष अभिनेत्रीकडे वळला आणि त्याची मजल जिवे मारण्याच्या भाषेपर्यंत गेली, असे त्यांनी लिहिले. ‘द सोप्रानोज’मधील कार्मेला आणि ‘मॅड मेन’मधील बेट्टी ड्रेपर या पत्नींच्या वाट्यालाही असाच रोष आला, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पत्नी कशी असावी याविषयीच्या समाजाच्या कल्पनाच स्कायलरवरील प्रतिक्रियांतून व्यक्त होतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी गिलिगन यांनी एका मुलाखतीत अशा प्रेक्षकांना थेट स्त्रीद्वेष्टे म्हटले होते. विशेष म्हणजे याच भूमिकेसाठी ॲना गन यांना २०१३ व २०१४ अशी सलग दोन वर्षे एमी पुरस्कार मिळाला. एकाच भूमिकेला लाभलेला हा गौरव आणि हा द्वेष एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे.

तीन आक्षेपांपैकी तिसरा आक्षेप निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. स्कायलर निष्पाप नाही. ती पैशाचा हिशेब लपवते. पाचव्या पर्वात तर जेसीला संपवावे असे ती नवऱ्याला सुचवते. ती दोषी आहे हे लेखकांनी जाणूनबुजून रेखाटले आहे. प्रश्न आहे तो मापदंडाचा. पत्नीच्या एका परपुरुषसंबंधाला क्षमा नाही आणि पतीच्या हत्यांना कारणे आहेत, असा निवाडा करणारा प्रेक्षक नीतीच्या नावाने बोलत असला तरी त्याची नीती दोघांना सारखी लागू होत नाही. पाचव्या पर्वाच्या पहिल्याच भागात वॉल्टर स्कायलरला मिठीत घेऊन टेडच्या प्रकरणाबद्दल ‘क्षमा’ करतो. त्याने यापूर्वी काय काय केले आहे हे ठाऊक असलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी केवळ भीती दिसते. क्षमा करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न त्या प्रसंगात अध्याहृत आहे.

तादात्म्य आणि ‘सविकल्प समाधी’

या निवाड्याचे स्पष्टीकरण करण्यासाठी मराठी साहित्यविचारातील एक संकल्पना उपयोगी पडते. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाङ्मयाचा आस्वाद घेताना वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो. या दुहेरी अवस्थेतच आनंद आहे, असे या कल्पनेचे सार सांगता येईल. येथे ‘समाधी’इतकाच ‘विकल्प’ महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरूनही आपण तो नाही, याचे भान राहिले पाहिजे.

वॉल्टरच्या बाबतीत या प्रेक्षकवर्गाची समाधी कायम राहिली, विकल्प मात्र मावळला. असे होण्यात मालिकेच्या रचनेचा वाटा आहे. पहिल्या भागाच्या आरंभीच वाळवंटात उभा असलेला वॉल्टर छोट्या कॅमेऱ्यासमोर कुटुंबाला उद्देशून निवेदन करतो आणि आपल्या मनात फक्त तुम्हीच होतात असे सांगतो. म्हणजे स्कायलर पडद्यावर येण्यापूर्वीच वॉल्टरची बाजू प्रेक्षकाच्या कानी पडलेली असते. त्यानंतरही वॉल्टरचे रहस्य प्रेक्षकाला ठाऊक असते, स्कायलरला नसते. ती विचारते तो प्रत्येक प्रश्न रहस्याला धोका ठरतो आणि रहस्य टिकले तरच कथा पुढे सरकणार असते. त्यामुळे कोणत्याही जागरूक पत्नीने विचारावेत असे तिचे प्रश्न प्रेक्षकाला कथेतील व्यत्यय वाटू लागतात. ती ‘टोकते’ असे वाटण्याचे हे रचनागत कारण आहे.

गिलिगन यांनी २०२२ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ला दिलेल्या मुलाखतीत याची कबुली दिली. मागे वळून पाहता मालिकेची मांडणी आधीपासूनच वॉल्टरच्या बाजूने झुकलेली होती. तो उपस्थित नसलेले प्रसंगही त्याच्याच नजरेतून सांगितले गेले, अशा आशयाचे विधान त्यांनी त्या मुलाखतीत केले. २०१३ मध्ये सगळा दोष प्रेक्षकांना देणाऱ्या निर्मात्याचे नऊ वर्षांनंतरचे हे मत अधिक परिपक्व म्हणावे लागेल.

तथापि रचनेला सर्व दोष देणेही योग्य नाही. नॉर्मन लिअर यांच्या ‘ऑल इन द फॅमिली’ (१९७१) या मालिकेतील आर्ची बंकर हा वर्णद्वेष्टा कुटुंबप्रमुख उपहासाचा विषय म्हणून रेखाटला होता. नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र असे आढळले की, अधिक पूर्वग्रह असलेले प्रेक्षक आर्चीचे कौतुक करतात आणि वादात त्याचीच सरशी होते असे मानतात. रचना वाट दाखवते. त्या वाटेने कोण किती दूर जाईल हे प्रेक्षकाच्या मनातील सामग्रीवर अवलंबून असते.

ही सामग्री केवळ अमेरिकेची आहे असे समजण्याचे कारण नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकर घराची राखरांगोळी करतो आणि सिंधू ते मूकपणे सोसते. मराठी प्रेक्षकाने पिढ्यान्‌पिढ्या सिंधूसाठी अश्रू ढाळले. नवऱ्याला तोंडावर बोलणारी तळीरामाची गीता मात्र नाटकात विनोदाच्या अंगाने येते. सोसणाऱ्या पत्नीला करुणा आणि बोलणाऱ्या पत्नीला हसू, अशी ही विभागणी आहे. स्कायलर ही सिंधूच्या जागी ठेवलेली गीता आहे. तिच्यावर सिंधूची संकटे कोसळतात, परंतु ती गप्प बसत नाही. म्हणून तिला सिंधूची सहानुभूती मिळत नाही आणि गीतेसारखे तिच्यावर हसून मोकळेही होता येत नाही.

पाचव्या पर्वाचे उत्तर

पाचव्या पर्वातील तीन प्रसंग या प्रेक्षकमताच्या संदर्भात विशेष लक्षणीय ठरतात.

पहिला प्रसंग चौथ्या भागातील आहे. वॉल्टरच्या एकावन्नाव्या वाढदिवशी, बहीण आणि मेव्हण्यासमोर, स्कायलर कपड्यांसह जलतरण तलावात उतरते. यामागे मुलांना त्या घराबाहेर काढण्याचा हेतू आहे. पुढे शयनगृहातील वादात वॉल्टर तिची प्रत्येक योजना खोडून काढतो. अखेर आपण केवळ थांबून आहोत, असे ती सांगते. कशासाठी, या प्रश्नाचे तिचे उत्तर असते : कर्करोग परत येण्यासाठी. या प्रसंगात घर हे प्रथमच पूर्णपणे तिच्या बाजूने दिसते. ज्या आजारामुळे प्रेक्षकाची सहानुभूती वॉल्टरला मिळाली, तोच आजार आता तिच्या सुटकेची एकमेव आशा झाला आहे. सहानुभूतीचे मूळच येथे उलटे केले गेले आहे.

दुसरा प्रसंग आठव्या भागातील आहे. स्कायलर वॉल्टरला भाड्याच्या गोदामात नेऊन नोटांचा ढीग दाखवते. तो मोजणे तिने सोडून दिले आहे. हा ढीग आणखी किती मोठा व्हायला हवा, एवढेच ती विचारते. ‘कुटुंबासाठी’ या युक्तिवादाचा याहून थेट प्रतिवाद मालिकेत अन्यत्र नाही. तो करणारी व्यक्ती, प्रेक्षकांनी अडथळा ठरवलेली पत्नीच आहे.

तिसरा प्रसंग १५ सप्टेंबर २०१३ रोजी प्रसारित झालेल्या ‘ओझिमँडियस’ या चौदाव्या भागातील होय. लेखन मॉयरा वॉली-बेकेट यांचे आणि दिग्दर्शन रायन जॉन्सन यांचे आहे. हँकच्या मृत्यूनंतर घरी आलेल्या वॉल्टरसमोर स्कायलर सुरी घेऊन उभी राहते. त्यांच्या झटापटीत मुलगा आईच्या बाजूने मध्ये पडतो आणि पोलिसांना बोलावतो. वॉल्टर तान्ह्या मुलीला घेऊन निघून जातो. रात्री तो फोन करतो. तू सतत रडगाणे गायलीस, माझे कधी ऐकले नाहीस, कृतज्ञता दाखवली नाहीस, अशा आशयाच्या शिव्यांचा भडिमार तो पत्नीवर करतो. पोलीस ऐकत आहेत हे त्याला ठाऊक आहे. सगळा गुन्हा स्वतःवर घेऊन तो तिला निर्दोष ठरवू पाहतो. बोलताना तो रडत असतो.

या फोनविषयी प्रेक्षकांत तीव्र मतभेद झाले. तो केवळ पोलिसांसाठी केलेला अभिनय होता असे काहींनी मानले. काहींना त्यात वॉल्टरचा खरा राग ऐकू आला. स्कायलरवर रुष्ट असलेल्यांना त्याचे बोलणे योग्यच वाटले. वॉल्टरच्या तोंडची भाषा ही प्रेक्षकांनी स्कायलरसाठी वर्षानुवर्षे वापरलेलीच भाषा आहे, ही बाब समीक्षकांच्याही लक्षात आली. आपले मत नायकाच्या तोंडून, तेही अपहरण करून पळालेल्या माणसाच्या तोंडून, ऐकण्याची वेळ येथे प्रेक्षकावर येते. अभिनय आणि खरा राग या दोन्ही गोष्टी त्या फोनमध्ये एकाच वेळी आहेत. त्या दोन्ही ऐकू येणे म्हणजेच ‘विकल्प’ जागा असणे. ज्यांना त्यांतील एकच ऐकू आली, त्यांचे मत बदलणे कठीणच होते.

अखेरचा भाग : कबुली आणि विजय

२९ सप्टेंबर २०१३ रोजी प्रसारित झालेल्या ‘फेलिना’ या अखेरच्या भागात वॉल्टर स्कायलरला भेटतो. तो पुन्हा कुटुंबाचे नाव घेणार असे वाटून ती त्याला अडवते. तेव्हा आपण हे स्वतःसाठी केले, आपल्याला ते आवडत होते, अशी कबुली तो प्रथमच देतो. पाच पर्वे चाललेला वाद येथे संपतो आणि तो स्कायलरने जिंकलेला असतो.

परंतु शब्दांत मिळालेला हा निकाल कथानकाने मात्र पाळलेला नाही. याच भागात वॉल्टर मुलासाठी पैशाची व्यवस्था करतो, शत्रूंना यंत्रबंदुकीने संपवतो, जेसीला मुक्त करतो आणि आपल्या आवडत्या प्रयोगशाळेच्या सान्निध्यात समाधानाने मरतो. ठरवलेले प्रत्येक काम त्याने पार पाडलेले असते. ‘द न्यूयॉर्कर’च्या समीक्षक एमिली नुसबॉम यांनी याच मुद्द्यावर शेवटाविषयी असमाधान व्यक्त केले होते. हे सर्व मरणाऱ्या वॉल्टरच्या मनातील स्वप्न असते तर अधिक पटले असते, असे त्यांचे मत होते. अनेक प्रेक्षकांना मात्र हाच शेवट परिपूर्ण वाटला. दोन्ही मतांना त्या भागात आधार सापडतो, यातच त्याचे दौर्बल्य आहे.

कबुलीच्या प्रसंगाचे चित्रण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. स्कायलर आपल्या लहानशा घरात बहिणीशी फोनवर बोलत असते. कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो आणि खांबाआड वॉल्टर आधीपासूनच उभा असल्याचे दिसते. जी काही क्षणांपुरती तिची एकटीची जागा वाटली, तीही त्याचीच होती. पुढे तो तिला हँकच्या दफनस्थळाची माहिती देतो, म्हणजे तिच्या सुटकेचे साधनही त्याच्याच हातून येते. या अखेरच्या भागात तिने स्वतः घेतलेला महत्त्वाचा निर्णय एवढाच की, निजलेल्या मुलीला पाहण्याची परवानगी ती त्याला देते. कबुलीने तिला न्याय दिला. दृष्टिकोन मात्र अखेरपर्यंत वॉल्टरचाच राहिला.

निष्कर्ष

पाचव्या पर्वाविषयीच्या प्रेक्षकमताच्या या विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. स्कायलरविषयीचा रोष हा निव्वळ अडाणी प्रेक्षकांचा प्रमाद नव्हता आणि निव्वळ रचनेचा परिणामही नव्हता. पतीच्या नजरेतून सांगितलेली कथा आणि पत्नीने सोसावे, बोलू नये ही समाजातील जुनी अपेक्षा यांच्या संयोगातून तो निर्माण झाला. पाचव्या पर्वाने ‘कुटुंबासाठी’ हा युक्तिवाद क्रमाक्रमाने मोडून काढला. ‘ओझिमँडियस’मध्ये तर प्रेक्षकमतालाच कथेचा विषय बनवले. मालिकेचे कलात्मक शिखर तेच होय. अखेरच्या भागाने नायकाकडून कबुली घेतली, परंतु त्याचा विजय काढून घेतला नाही. त्यामुळे त्याच्या समर्थकांना आपले मत बदलण्याची गरज उरली नाही.

गिलिगन यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील लेखकसंघटनेचा सन्मान स्वीकारताना केलेल्या भाषणात, दुष्ट नायक लोकांना अनुकरणीय वाटू लागल्याबद्दल चिंता व्यक्त केली आणि सज्जन व्यक्तिरेखा लिहिण्याचे आवाहन केले. ही चिंता प्रामाणिक आहे, पण सुचवलेला उपाय पुरेसा वाटत नाही. वॉल्टर दुष्ट होता ही अडचण नव्हती. त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना स्वतःची नजर पुरेशी मिळाली नाही, ही अडचण होती. वर्गात अशा कलाकृती शिकवताना ‘नायक चांगला की वाईट’ या प्रश्नाआधी ‘ही कथा कोणाच्या घरात उभे राहून सांगितली जात आहे आणि त्या घरात आणखी कोण राहते’ हा प्रश्न विचारला गेला, तर केळकरांनी सांगितलेला विकल्प विद्यार्थ्यांच्या मनात जागा राहण्यास मदत होईल.